तक्रार: माझे फोटो वापरून दुसऱ्याच लेन्सचा लिलाव झाल्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन लिलाव विभाग

विषय: माझ्या फोटोंच्या आधारे दुसऱ्या विक्रेत्याने केलेला लिलाव, आणि तीनदा कळवूनही त्यावर न झालेली कारवाई

महोदय/महोदया,

मी गेली नऊ वर्षे आपल्या संकेतस्थळावर जुने फिल्म कॅमेरे आणि लेन्स विकते, अधूनमधून विकतही घेते. इतक्या वर्षांत आपल्याकडे तक्रार करण्याची वेळ माझ्यावर आली नव्हती. गेल्या तीन महिन्यांत मात्र एकाच प्रकरणी मी तीनदा लिहिले आणि तिन्ही वेळा माझ्या मजकुराशी संबंध नसलेली ठरावीक उत्तरे मिळाली. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. ते एखाद्या माणसाने शेवटपर्यंत वाचावे, एवढी माझी पहिली विनंती आहे.

गेल्या वर्षी मी हेलिओस ४४-२ ही ५८ मिमीची लेन्स लिलावाला लावली होती. सोव्हिएत काळातली ही लेन्स फार मोठ्या संख्येने बनली, त्यामुळे नुसत्या नावावरून घेणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याला हवी असते ती समोरच्या त्या एका नगाची खरी अवस्था. त्यासाठी मी खिडकीजवळ राखाडी कापड अंथरून १४ फोटो काढले. मागच्या काचेतून टॉर्चचा प्रकाश सोडून आत बुरशीचे तंतू किंवा धूसरपणा नाही हे दाखवले. अपर्चरची, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र लहानमोठे करणारी, आठही पाती मिटवून त्यांच्यावर तेल उतरलेले नाही हे दाखवले. पुढच्या कड्याचा रंग एके ठिकाणी तांदळाच्या दाण्याएवढा उडाला होता, तो मुद्दाम जवळून टिपला, कारण दोष लपवून विकलेली वस्तू परत येते आणि सोबत बदनामीही आणते. अनुक्रमांक स्वच्छ वाचता येईल असा एक फोटो वेगळा काढला. या सगळ्यात माझा अर्धा दिवस गेला. लेन्स विकली गेली, घेणाऱ्याला पसंत पडली, आणि माझ्या दृष्टीने तो व्यवहार तिथेच संपला.

तीन महिन्यांपूर्वी मला एका अनोळखी सदस्याचा अत्यंत संतप्त संदेश आला. मी दाखवली एक लेन्स आणि पाठवली दुसरीच, असा त्याचा आरोप होता. त्याला आलेल्या लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती आणि फोकसची रिंग अर्ध्यावर अडत होती. मी त्याला काहीच विकलेले नव्हते. दोन-तीन संदेशांनंतर उलगडा झाला: त्याने ती लेन्स आपल्याच संकेतस्थळावरच्या दुसऱ्या एका विक्रेत्याकडून लिलावात घेतली होती, लेन्स खराब निघाल्यावर आपल्याच ‘फोटोवरून शोधा’ या सोयीत तो फोटो टाकून पाहिला, आणि त्यातून माझा जुना लिलाव त्याच्या हाती लागला. फोटो माझे म्हणजे फसवणूकही माझीच, असे त्याला वाटले, आणि त्याच्या जागी मी असते तर मलाही तसेच वाटले असते. मात्र तोपर्यंत त्याने माझ्या खात्याविरुद्ध तक्रार नोंदवली होती आणि माझ्या नावापुढे ‘चौकशी चालू’ हा शेरा ११ दिवस राहिला. त्या काळात माझे दोन लिलाव चालू होते. दोन्हींवर एकही बोली आली नाही.

मी तो दुसरा लिलाव उघडून पाहिला. माझ्या १४ फोटोंपैकी ९ तिथे जसेच्या तसे होते; फक्त कडा थोड्या कापल्या होत्या. रंग उडालेली जागा दाखवणारा फोटो वगळला होता. अनुक्रमांकाचा फोटोही वगळला होता, पण सहाव्या फोटोत तो क्रमांक कडेला अर्धवट दिसतो, हे बहुधा त्या विक्रेत्याच्या ध्यानात आले नसावे. या लेन्सच्या अनुक्रमांकाच्या पहिल्या दोन आकड्यांवरून बहुधा ती बनल्याचे वर्ष कळते. माझ्या फोटोतला क्रमांक ७७ने सुरू होतो. तक्रारदाराच्या हातात पडलेल्या लेन्सचा ८३ने. म्हणजे ती लेन्स माझी नव्हतीच. शिवाय तिसऱ्या फोटोत लेन्सच्या पुढच्या काचेत माझ्या खिडकीची चौकट आणि कॅमेरा धरलेला माझा हात उमटला आहे. विक्रेता दुसरा, वस्तू दुसरी, आणि तिच्यावर बोली लावणाऱ्या प्रत्येकाला दिसत होता माझा हात. हे पाहून मला किती अस्वस्थ वाटले ते सांगता येत नाही.

आता आपल्या उत्तरांविषयी. पहिल्या उत्तरात मला त्या विक्रेत्याशी परस्पर संपर्क साधण्यास सांगितले. मी साधला. ‘इंटरनेटवरचे फोटो सगळ्यांचेच असतात’ एवढे एका ओळीचे उत्तर देऊन त्याने मला ब्लॉक केले. दुसऱ्या उत्तरात म्हटले होते की कंपन्यांच्या कॅटलॉगमधील फोटो वापरण्यास सर्व सदस्यांना मुभा आहे. खोक्यात बंद असलेल्या नव्या वस्तूसाठी उत्पादकाने दिलेला फोटो वापरला तर माझी काहीच हरकत नाही, कारण तिथे एक नग दुसऱ्यासारखाच असतो. पण जुन्या वस्तूचा फोटो म्हणजे त्या नगाच्या अवस्थेबद्दल विक्रेत्याने दिलेली साक्ष असते, आणि एकाची साक्ष दुसऱ्याच्या वस्तूला लावली की ती खोटी ठरते. माझ्या तक्रारीचा गाभा हाच आहे. माझे श्रम फुकट वापरले गेले याचे वाईट वाटतेच. पण खरी हानी त्या घेणाऱ्याची झाली, आणि ती माझ्या फोटोंच्या जोरावर झाली.

तिसऱ्या उत्तरात दोन गोष्टी होत्या: वस्तूचा साधा फोटो ही कलाकृती नसल्याने त्यावर हक्क सांगता येत नाही, आणि फोटो चढवताना मी आपल्याला वापराचा परवाना दिलेलाच आहे. पहिला मुद्दा इतका सरसकट मांडता येणार नाही. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार (१८८६, पुढे सुधारित) लेखकाचा किंवा छायाचित्रकाराचा हक्क निर्मितीबरोबरच जन्माला येतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. फोटोत किती कर्तृत्व असावे याबाबत देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत हे मला मान्य आहे. पण जर्मनीसारख्या देशात तर अगदी साध्या फोटोलाही ५० वर्षांचे संरक्षण आहे. प्रकाश कुठून घ्यायचा, काच कोणत्या कोनात धरायची, कोणता दोष दाखवायचा, हे निर्णय मी घेतले होते. दुसरा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे. मी परवाना दिला तो आपल्याला, माझी वस्तू दाखवण्यासाठी. तो कोणत्याही सदस्याला त्याच्या वस्तूसाठी दिल्याचे मी आपल्या अटींमध्ये दोनदा शोधले. तसे एकही वाक्य सापडले नाही.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगते. माझी मूळ लेन्स ज्यांनी घेतली, त्यांनीही ती मध्यंतरी पुन्हा विकायला काढली आणि माझे फोटो वापरू का, असे आधी विचारले. वस्तू घेतली म्हणून तिच्या फोटोवरचा हक्क आपोआप मिळत नाही, हे त्यांना ठाऊक होते. मी आनंदाने हो म्हटले. फक्त फोटो केव्हाचे आहेत ते लिहावे आणि आजची अवस्था दाखवणारा निदान एक नवा फोटो टाकावा, अशी अट घातली, कारण वर्षभरात त्याच लेन्समध्येही बुरशी धरू शकते. त्यांनी तसेच केले. तेव्हा मी फोटो कवटाळून बसलेली नाही. विचारले असते आणि वस्तू तीच असती तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.

यात आपल्या व्यवस्थेचाही मोठा वाटा आहे, आणि हे मी जबाबदारीने लिहिते. आपल्या प्रत्येक संपलेल्या लिलावाखाली ‘अशीच वस्तू विका’ असे बटण असते. मी माझ्या दुसऱ्या खरेदीवर ते दाबून पाहिले, तर शीर्षक आणि वर्णनाबरोबर आधीच्या विक्रेत्याचे फोटोही नव्या लिलावात आपसूक आले. चोरी करायची इच्छा नसलेल्या माणसालाही हे फोटो वापरायची परवानगी आहे असेच वाटेल. दुसरीकडे, आपल्या नियमांनुसार मला फोटोवर स्वतःचे नाव किंवा खूण टाकता येत नाही. फोटो चढवताना त्यातली तारीख, ठिकाण आणि कॅमेऱ्याची माहिती आपण काढून टाकता. त्यामुळे सदस्यांच्या घराचा ठावठिकाणा उघड होत नाही, म्हणून ते योग्यच आहे, पण मालकीचा पुरावाही त्याबरोबर पुसला जातो. मी स्वतः खूण करायची नाही आणि आपण राखण करायची नाही, मग विक्रेत्याने करायचे काय? फोटो जुळवून पाहणे अशक्य आहे, असेही आपल्याला म्हणता येणार नाही. आपल्याच शोधसोयीने, कडा कापलेल्या असतानाही, त्या ग्राहकाला माझ्यापर्यंत काही क्षणांत आणून सोडले होते. घेणाऱ्याला जे साधन वस्तू शोधायला देता, तेच साधन नवा लिलाव स्वीकारताना आपण का वापरत नाही, याचे उत्तर मला हवे आहे.

त्या लिलावावर आपण कमिशन घेतले आहे आणि तो विक्रेता आजही विक्री करतो आहे. गेल्या आठवड्यात मी त्याच्या चालू लिलावांपैकी चार तपासले. त्यांतल्या दोनांतले फोटो इतर सदस्यांच्या जुन्या लिलावांतले निघाले. त्या दोघांना मी कळवले आहे. अमेरिकेच्या १९९८च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यातही संकेतस्थळाला सदस्यांच्या कृत्यांपासून जे संरक्षण मिळते, ते रीतसर सूचना आल्यावर तत्परतेने मजकूर हटवण्याच्या अटीवरच. आपल्याला मी तीन सूचना दिल्या आहेत.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. माझे ९ फोटो त्या संपलेल्या लिलावातून आणि आपल्या शोधातून हटवावेत, परंतु प्रकरण मिटेपर्यंत त्यांची प्रत पुरावा म्हणून जपावी. फसलेल्या ग्राहकाला त्याची पूर्ण रक्कम परत मिळावी. मुदत उलटली म्हणून त्याचा अर्ज फेटाळल्याचे त्याने मला कळवले आहे, पण तो मुदतीत चुकीच्या व्यक्तीमागे, म्हणजे माझ्यामागे, लागला होता आणि त्याचे कारण हे फोटोच होते. माझ्या खात्याच्या नोंदीतून त्या चौकशीचा उल्लेख काढावा आणि मी निर्दोष असल्याचे लेखी कळवावे. ‘अशीच वस्तू विका’ या बटणातून फोटोंची नक्कल तातडीने बंद करावी. मजकूर येऊ द्यावा, फोटो नकोत. आणि वापरलेल्या वस्तूंच्या विभागात, लिलावाचा क्रमांक हाताने लिहिलेली चिठ्ठी वस्तूशेजारी ठेवून काढलेला निदान एक फोटो बंधनकारक करावा. त्याला दोन मिनिटे लागतात. मी गेल्या महिन्यापासून ते स्वतःहून करते आहे.

सोबत माझ्या १४ मूळ फाइल्स पाठवत आहे. त्या प्रत्येकी ६००० गुणिले ४००० पिक्सेलच्या असून त्यांतली तारीख व कॅमेऱ्याची माहिती शाबूत आहे, आणि लिलावात कापलेल्या कडा त्यांत पूर्ण दिसतात. तक्रारदाराने त्याच्या लेन्सच्या अनुक्रमांकाचा काढलेला फोटो त्याच्या संमतीने जोडला आहे. आपली तिन्ही उत्तरेही जोडली आहेत. सहाव्या फोटोच्या उजव्या कडेला पाहावे, म्हणजे बाकी काही वाचण्याआधीच प्रकरण ध्यानात येईल. १५ दिवसांत लेखी उत्तर मिळाले नाही, तर हीच कागदपत्रे घेऊन मी ग्राहक आयोगाकडे जाईन, आणि तो ग्राहकही माझ्यासोबत येण्यास तयार आहे.

आपली विश्वासू,
आपल्या संकेतस्थळावरील एक नोंदणीकृत विक्रेती