ईदच्या पुरवणीत तौहीदलाही जागा द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दर ईदला आपल्या पुरवणीत शीरखुर्मा आणि बिर्याणी असते. वाचून आनंदच होतो. पण आम्हाला जिने धरून ठेवलंय ती तौहीद, म्हणजे अल्लाहचं एकत्व, तिच्यावर चार ओळीही येत नाहीत.

मी कोकणी मुसलमान. ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. ‘तुमचं मराठी किती शुद्ध हो, कुठे शिकलात?’ असं निरोप समारंभाच्या दिवशीही विचारलं गेलं. घरीच की! पण दरवेळी आत टोचायचं. यजमान गेल्यावर तर सासरचं घर दिरांचं, माहेरचं भावांचं झालं. आपण नक्की कुठल्या, हेच कळेना.

२०१८ पासून आपल्याकडच्या पंचेचाळिशीपुढच्या बायकांना मेहरमविना, म्हणजे नवरा किंवा जवळच्या पुरुष नातेवाइकाविना, किमान चौघींच्या गटाने हजला जाता येऊ लागलं. २०१९ मध्ये आम्ही चौघी गेलो. अरफातच्या मैदानातून रात्री मुजदलिफाच्या मुक्कामी पोचलो, मगरिब आणि इशा, म्हणजे संध्याकाळची आणि रात्रीची नमाज, एकत्र पढलो, उघड्यावरच चटया टाकल्या. शेजारी नायजेरियाची एक बाई होती. तिची भाषा मला येईना, माझी तिला. जमरातसाठी, म्हणजे सैतानाचं प्रतीक असलेल्या खांबांना मारायला, चण्याएवढे खडे वेचायचे असतात. माझे गुडघे वाकेनात. तिने ते पाहिलं, स्वतः वेचलेल्यांतले सात-सात मोजून माझ्या पिशवीत घातले आणि पुन्हा वाकून स्वतःसाठी वेचू लागली. चोहीकडून तलबिया, हजयात्रेकरूंचा घोष, ऐकू येत होती: ‘ला शरीक लक’, तुझा कोणी भागीदार नाही. शेकडो वेळा म्हटलेले शब्द, पण त्या रात्री उमगले. ज्याच्या मालकीत दुसऱ्या कुणाचा वाटाच नाही, त्याच्या दारात ‘तुम्ही कुठल्या?’ विचारायला कोण उभं राहणार?

लहानपणी आजीने ‘कुल हुवल्लाहु अहद’ ही कुराणातली छोटी सूरा, म्हणजे अध्याय, पाठ करून घेतली होती. अर्थ ती आमच्या बोलीत सांगायची, ‘एकूच हाय तो. त्याला आयबाप नाय, पोरंबाळं नाय.’ अरबीत वाहिद म्हणजे मोजणीतलाही एक. अहद म्हणजे ज्याच्यापुढे दोन येतच नाही. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, अद्वितीय. आपण तो सत्काराच्या भाषणात कुणालाही लावतो, पण मला तो फक्त तिथेच शोभतो असं वाटतं.

पुढच्या ईदला पाककृतीशेजारी त्या सूरेच्या चार आयती (वचनं) मराठी अर्थासह छापाल का? अर्थ मी लिहून पाठवते.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, दापोली