‘द रेव्हन’ ही शोककविता आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकन कवी एडगर ॲलन पो यांची ‘द रेव्हन’ (डोमकावळा) ही कविता २९ जानेवारी १८४५ रोजी न्यूयॉर्कच्या ‘इव्हनिंग मिरर’मध्ये प्रसिद्ध झाली. आजही तिची ओळख बहुधा भयकविता म्हणूनच करून दिली जाते आणि मध्यरात्र, दारावरची टकटक व काळाकभिन्न डोमकावळा यांपलीकडे वाचकाला नेले जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रेयसी लेनोर गेल्याचे दुःख ग्रंथांत बुडवू पाहणारा एक माणूस डिसेंबरच्या रात्री जागा आहे. खिडकीतून आत आलेला पक्षी पॅलस या ग्रीक ज्ञानदेवतेच्या पुतळ्यावर बसतो आणि ‘नेव्हरमोअर’, म्हणजे ‘पुन्हा कधीही नाही’, एवढेच बोलतो. कुणा दुर्दैवी मालकाकडून ऐकलेला हा शब्द पक्ष्याला पाठ झाला असावा, हे त्या माणसाने अकराव्या कडव्यातच ताडलेले असते. तरीही पंधराव्या कडव्यात तो विचारतो की माझ्या दुःखावर काही उतारा आहे का, आणि सोळाव्यात विचारतो की निदान स्वर्गात तरी लेनोरला मी जवळ घेऊ शकेन का. काय उत्तर येणार हे ठाऊक असताना नेमका तोच प्रश्न विचारणे, ही माझ्या मते साऱ्या कवितेतील सर्वांत भेदक गोष्ट आहे. ज्यांचे माणूस गेले आहे, त्यांना ही ओढ समजावून सांगावी लागत नाही. ‘आणखी आधी डॉक्टरांकडे नेले असते तर?’ हा प्रश्न घरोघरी असाच वर्षानुवर्षे विचारला जातो.

पत्नी व्हर्जिनियाच्या मृत्यूनंतर पो यांनी ही कविता लिहिली, हा समजही चुकीचा आहे. क्षयाची लक्षणे तिच्यात १८४२ मध्ये दिसली आणि तिचे निधन ३० जानेवारी १८४७ रोजी झाले. कविता छापली गेली तेव्हा ती हयात होती. आपण ही कविता गणित सोडवावे तशी टप्प्याटप्प्याने रचली, असे पो यांनी १८४६ मधील निबंधात सांगितले आहे. रचनेपुरते ते मान्य करता येईल. परंतु तीन वर्षे पत्नीचे आजारपण पाहणाऱ्या कवीने हा विषय केवळ हिशेबाने निवडला, हे मला पटत नाही.

साहित्यपुरवण्यांतून आणि महाविद्यालयांच्या वर्गांतून या कवितेची ओळख करून देणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी अकरा ते सोळा ही कडवी सलग वाचून दाखवावीत आणि पक्ष्याआधी त्या माणसाच्या प्रश्नांविषयी बोलावे.

आपला नम्र,
एक वाचक, सातारा