सर्व्हरच्या उष्णतेला आधी गिऱ्हाईक शोधा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संगणकातून वाया जाणाऱ्या उष्णतेवर घरे ऊबदार ठेवण्याचे तंत्र एक चमू विकसित करीत असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात ती वाचून बहुतेकांनी पान उलटले. मे-जूनमध्ये ४५ अंशांत भाजून निघणाऱ्या गावाला ऊब कशाला हवी, असे एका शेजाऱ्यांनी बोलूनही दाखवले. मला मात्र ही बातमी ग्वाल्हेरच्या कामाची वाटते.

मी बिर्लानगरच्या गिरणीत बॉयलर हाउसला होतो. वाफेने आपले काम केले आणि तिचे पाणी झाले की ते गरम पाणी गटारात सोडायचे नाही, पाइपने परत टाकीत आणायचे, हा तिथला पहिला धडा. त्याला आम्ही कंडेन्सेट म्हणायचो आणि त्यात कोळशाचे पैसे आहेत, हे फिटरपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ठाऊक असे. आज त्याच शहरात बँका, महाविद्यालये, रुग्णालये आणि सरकारी कचेऱ्या सर्व्हरच्या (सगळ्यांचे काम सांभाळणाऱ्या मध्यवर्ती संगणकांच्या) खोल्यांतून दिवसरात्र उष्णता बाहेर फेकत आहेत आणि तिचा हिशोब कुणीच ठेवत नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते.

संगणक जी वीज घेतो, तिची जवळजवळ सगळीच शेवटी उष्णता होते. ५०० वॅट घेणारा सर्व्हर २४ तास चालला तर १२ युनिट वीज लागते. एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी उष्णता असते, म्हणजे १२ युनिटांची झाली दहा हजारांहून थोडी जास्त. जानेवारीत टाकीतले पाणी १५ अंशांवर आहे असे धरा. २० लिटरची बादली ४० अंशांपर्यंत तापवायला ५०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे एका सर्व्हरच्या दिवसभराच्या उष्णतेत अंघोळीच्या वीस बादल्या बसतात. गळती, पाइपातली घट वगैरे सोडून पंधराच धरल्या तरी दोन-तीन कुटुंबांची सोय झाली. तीही अशा विजेवर, जिचे पैसे संगणकाच्या कामासाठी आधीच मोजलेले आहेत.

आपण करतो काय? माझा भाचा एका महाविद्यालयात संगणक विभाग सांभाळतो. त्याच्याकडे थंडीत गेलो होतो. सर्व्हरची खोली एसीने गार केलेली आणि मागच्या गल्लीत एसीच्या बाहेरच्या युनिटातून गरम हवेचा झोत अखंड चाललेला. चौकीदाराने आपली खुर्ची बरोबर त्या झोतासमोर मांडली होती आणि धुतलेला मफलर जाळीवर वाळत घातला होता. गल्लीच्या पलीकडे वसतिगृह. तिथे गच्चीवर गिझरची रांग, आणि सकाळी सातनंतर उठणाऱ्या मुलांना गार पाणी. सर्व्हरला वीज, त्याची उष्णता बाहेर काढायला पुन्हा वीज आणि पन्नास पावलांवर पाणी तापवायला तिसऱ्यांदा वीज! ही वीज कोळशाची असेल, तर सिंगरौलीसारख्या ठिकाणी जळणाऱ्या कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम तिसरा हिस्सा तारेवर चढतो. इतक्या घटीनंतर हाती आलेली वीज अशी उधळलेली बघवत नाही.

घरोघरी सर्व्हर ठेवून घर तापवण्याची कल्पना आता नवी राहिलेली नाही. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ती ‘डेटा फर्नेस’ या नावाने मांडली. फ्रान्समधल्या कार्नो या कंपनीने भिंतीवरच्या हीटरमध्येच प्रोसेसर, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिप, बसवले. हॉलंडमध्येही २०१५ च्या सुमारास असा एक प्रयोग झाला, पण ती कंपनी फार काळ टिकली नाही. अडचण उघड आहे. उन्हाळ्यात घराला उष्णता नको असते, संगणकाचे काम मात्र बाराही महिने चालूच राहते. परक्याच्या घरात कुणाची तरी माहिती ठेवण्याचा प्रश्न वेगळाच. युरोपात हे अवघड गेले, तर आपल्याकडे घरात हीटर बसवण्यात अर्थ नाही, हे मीही मान्य करतो. डिसेंबरात तानसेन समारोहाला रात्री बसणाऱ्यांना इथली थंडी माहीत आहे, पण ती दोन-अडीच महिन्यांची.

गरम पाणी मात्र वर्षभर लागते. रुग्णालयाच्या धुलाईला लागते, दूध डेअरीत कॅन आणि टाक्या धुवायला लागते, मोठ्या स्वयंपाकघरात भांड्यांना लागते. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातल्या एक्समथ गावी २०२३ मध्ये पोहण्याच्या तलावाशेजारी धुलाईयंत्राएवढे एक छोटे डेटा केंद्र, म्हणजे सर्व्हर एकत्र ठेवण्याची जागा, बसवले. संगणक तेलात बुडवलेले, तेलाची उष्णता तलावाच्या पाण्याला. मला हे उदाहरण सगळ्यांत मोलाचे वाटते, कारण तिथे उष्णता आणि तिचे गिऱ्हाईक एका भिंतीच्या अंतरावर आहेत. डेन्मार्कमधल्या ओडेन्समध्ये फेसबुकच्या केंद्रातली उष्णता हजारो घरांना जाते, फिनलंडमध्ये मॅन्ट्सेला हे छोटे शहरही असेच तापते. पण त्या गावांत गरम पाण्याचे नळ जमिनीखालून घरोघर आधीपासूनच फिरवलेले आहेत. आपण त्यांची नक्कल करायला गेलो तर रस्ते खोदण्यातच सगळा पैसा जाईल.

दुसरी गोष्ट तापमानाची. हवेने गार होणाऱ्या सर्व्हरमधून ३०-३५ अंशांची हवा मिळते. तिच्याने पाणी तापवायचे तर मध्ये कमी तापमानाची उष्णता वर चढवणारा हीट पंप लागतो आणि तोही वीज खातो. चिपच्या पाठीशी थेट पाणी खेळवले तर चित्र बदलते. झुरिकच्या तंत्र विद्यापीठात आयबीएमने २०१० मध्ये बसवलेला अ‍ॅक्वासार हा महासंगणक सुमारे ६० अंशांच्या पाण्याने थंड होत असे आणि तीच उष्णता इमारतीला दिली जाई. ६० अंशांच्या पाण्याने थंड, हे वाचून लोक चकित होतात, पण चिपचे तापमान त्याहून वर असले की झाले, उष्णता वाहणारच. म्यूनिकजवळ गार्शिंगच्या लाइबनिट्झ संगणक केंद्रात तर अशा गरम पाण्यावर अधिशोषण यंत्रे, म्हणजे मुख्यतः उष्णतेवर चालणारी शीतयंत्रे, चालवून गारवा तयार करतात. आमच्या उन्हाळ्यासाठी यापेक्षा उपयोगी बातमी कुठली?

तेव्हा माझे म्हणणे एकच आहे. डेटा केंद्रांना सवलती देण्याची धोरणे सध्या राज्याराज्यांत आखली जात आहेत. जर्मनीने २०२३ मध्ये कायदाच केला की जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या नव्या मोठ्या केंद्रांनी किमान १० टक्के ऊर्जा पुन्हा वापरात आणावी आणि जुलै २०२८ पासून सुरू होणाऱ्यांनी २० टक्के. आपल्याकडे एवढे ताबडतोब नको. पण ग्वाल्हेर असो की इंदूर, जागेची परवानगी देतानाच विचारावे की उष्णता कुठे जाणार आणि शेजारी गरम पाणी घेणारे कोण आहे. इमारत उभी राहिल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नाही. पाइपाची लांबी नकाशावर ठरते.

एक धोकाही नोंदवतो. उष्णता कामी येते म्हणून वीज कशीही वापरली तरी चालेल, असा सोयीचा अर्थ कुणी काढू नये. आधी विजेची बचत, मग उरलेल्या उष्णतेचा उपयोग, हाच क्रम हवा.

माधव इन्स्टिट्यूट आणि आयआयआयटीएम या आपल्या दोन्ही संस्थांत यंत्र आणि संगणक शिकणारी हुशार मुले आहेत. त्यांनी येत्या थंडीत शहरातल्या दहा-बारा सर्व्हर खोल्यांचा विजेचा वापर आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान मोजावे, शेजारचे गिझर मोजावेत आणि दोन्ही आकडे एका तक्त्यात मांडावेत. थर्मामीटर आणि वीज मीटर एवढ्यावर हे काम होते. ज्यांच्या खोल्या आहेत त्यांनी मुलांना दार उघडून द्यावे आणि तक्ता तयार झाला की आपण तो या पानावर छापावा, ही विनंती. बॉयलर आणि पाइप याबाबतीत कुणाला काही विचारायचे असेल तर मी हवा तेवढा वेळ द्यायला तयार आहे.

आपला,
एक वाचक
दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर