आफ्रिकेतले वाळे ओळखायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार. नाव लिहू नकोस असं बजावलंय म्हणून नाही लिहीत, पण आभार चारचौघांसमोरच मानणार, तेवढं तुमचं ऐकणार नाही.

वाचणाऱ्यांना आधी थोडं सांगतो. आपल्याकडे कुंडीच्या मातीत गांडुळासारखा काळपट वाळा साप निघतो ना, त्याचे आफ्रिकेतले भाऊबंद मी इथे युरोपातल्या एका म्युझियममध्ये तपासतोय, आणि हे शंभर-सव्वाशे वर्षं स्पिरिटमध्ये पडून आहेत. रंग कधीच उडालाय. आफ्रिकेतल्या वाळ्यांचे दोन वंश, जिवंतपणी गुलाबी असणारा लेथेओबिया आणि तपकिरी अफ्रोटिफ्लॉप्स, बरणीत दोघंही पिवळट, डोळा म्हणजे खवल्याखालचा ठिपका आणि तोही दिसला तर दिसला, पोटावर बाकी सापांसारखे रुंद खवलेही नाहीत, मग माणसाने धरायचं काय?

तुम्ही व्हिडिओ कॉलवर सांगितलंत, आधी अंगाभोवतीच्या खवल्यांच्या ओळी मोज. १४ आल्या तर ती फॅमिलीच वेगळी, दोऱ्यासारखे लेप्टोटिफ्लॉप्सवाले, बाजूला ठेव. बाकीच्यांच्या डोक्यामागे, मधोमध आणि शेपटीच्या अलीकडे अशा तीन ठिकाणी मोज, कारण मागे जाताना ओळी कमी होतात का आणि किती, यात बरीच ओळख दडलेली असते. मग पाठीवरून तोंडापासून शेपटीच्या काट्यापर्यंत एकेक खवला. काही लेथेओबियात हा आकडा ५०० च्या वर जातो, मध्येच कुणी कॉफीला हाक मारली की संपलं. आणि टिश्यूने टिपून थोडी हवा मारायची ती ट्रिक! ओला साप नुसता चमकतो, खवल्यांच्या कडा दिसतच नाहीत, हे कुठल्याही पेपरात वाचलेलं नाही मी.

नावांचा घोळही तुम्हीच सोडवलात. पीटर्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८५४ मध्ये मोझांबिकची म्युक्रुसो ही जात ओनिकोसेफॅलस वंशात लिहिली, पुढे तिचा वंश टिफ्लॉप्स, रायनोटिफ्लॉप्स, २००९ मध्ये ब्रॉडली आणि वॉलाख या सापांच्या अभ्यासकांकडे मेगाटिफ्लॉप्स, आणि २०१४ पासून अफ्रोटिफ्लॉप्स. साप तोच, बरणीत लेबलं मात्र एकावर एक. जुनं लेबल काढून फेकायचं नाही हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की आता मीच दुसऱ्यांना ऐकवतो. रू-एस्तेव्ह बाईंचं आफ्रिकेतल्या वाळ्यांवरचं १९७४ चं फ्रेंच काम माझ्यासोबत पानपान बसून वाचलंत, तेही तुमच्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेलेले असताना, त्याचे आभार कसे मानू खरंच कळत नाही.

लंडनच्या म्युझियममधल्या टाइप स्पेसिमेनचे, म्हणजे ज्यांच्यावरून जातीला पहिल्यांदा नाव दिलं त्या नमुन्यांचे, नंबर १९४६ ने का सुरू होतात हेही तुमच्याकडूनच कळलं, युद्धानंतर टाइपना नव्याने नंबर दिले, साप त्याआधीचेच. लिस्बनच्या १९७८ च्या आगीत बोकाझच्या म्युझियमचा संग्रह जळाला, त्यात अंगोलाचे जुने सापही होते, त्यामुळे अंगोलाचा जुना साप कुठेही निघाला की तुमचा आवाज बदलतो, मी बघितलंय.

पण सगळ्यात भारी तो 'पूर्व आफ्रिका' लिहिलेला बारका. अंगभर २० ओळी, कुठेही कमी नाहीत, आणि नाकपुडीखालची, खवल्यांमधली शिवण ओठाच्या खवल्याकडे न जाता डोळ्यापुढच्या खवल्याला भिडलेली. फोटो पाठवला तर तुमचं उत्तर एका ओळीत: "अरे हा आपलाच, ब्रॅमिनस!" कुंड्यांतून जगभर पसरलेला, सगळ्या माद्या, नराची गरजच नाही, एक पोचली तरी वसाहत. तो खरंच आफ्रिकेत सापडला असेल, पण आफ्रिकेचा नाही. आफ्रिकेच्या कपाटात आपल्या कुंडीतला वाळा बघून मी एकटाच हसत बसलो होतो.

मनापासून थँक्यू ताई. आणि हो, कांगोच्या बरणीतल्या दोघांच्या डोक्याचे फोटो मेल केलेत, शिवण एकाची दिसते एकाची नाही, सवडीने बघा. शिवण उठून दिसावी म्हणून डोकं निळ्या स्टेनने रंगवायची परवानगी मागू का तेही कळवा.