मनू, हेडफोनच्या स्टँडबद्दल

प्रिय मनू,

फोटो पाहिला. हेडफोन खुर्चीच्या पाठीला अडकवलेला आणि पट्ट्याच्या गादीत बरोबर मधोमध खळगा. तो काही तुझ्या डोक्याने पडलेला नाही. खुर्चीची कड जेमतेम बोटभर रुंद, सगळा भार तेवढ्यावरच. आतला फोम रोज एकाच जागी दबत राहिला की कधीतरी पुन्हा वर यायचं सोडून देतो. तेव्हा स्टँड हवाच, पण विकत घेऊ नकोस. अडगळीच्या खोक्यातल्या सामानाची जी यादी पाठवलीस, त्यात तो जवळजवळ तयार आहे.

आधी मापं घे. हेडफोन सरळ टांगून पट्ट्याच्या वरच्या टोकापासून कपाच्या खालच्या कडेपर्यंत मोज. साधारण २० सेंटिमीटर भरेल. त्यात चार-पाच सेंटिमीटर मिळव, म्हणजे कप बुडाला टेकणार नाहीत. कप टेकले की भार पट्ट्याऐवजी कपांच्या सांध्यांवर येतो, आणि मोडतात ते नेमके तेच.

बुडासाठी तू हार्ड डिस्क म्हणतेस. दिसायला छान, मान्य. साडेतीन इंची डिस्क अर्धा किलोच्या आसपास भरते, पण रुंदी फक्त १० सेंटिमीटर. आणि भोक पाडायची वेळ आलीच तर लॅपटॉपमधल्या छोट्या डिस्कला ड्रिल लावू नकोस. त्यातल्या बऱ्याच डिस्कच्या चकत्या काचेच्या असतात, भोक पडण्याआधीच त्यांचा चुरा होतो. त्यापेक्षा मोडक्या टेबल लॅम्पचं बूड घे. लॅम्पचं बूड मुळात लॅम्प कलंडू नये म्हणूनच जड केलेलं असतं, आणि मधोमध भोकही तयार. फक्त वायर आणि प्लग पूर्ण काढून टाक. लोंबती वायर दिसली की कुणीतरी ती बोर्डात खुपसतंच.

वजनाचा हिशेब सांगते, कारण सगळे फक्त ‘जड हवं’ म्हणतात आणि रुंदी विसरतात. समज, बूड ९०० ग्रॅम, हेडफोन ३००, उंची २८ सेंटिमीटर आणि बुडाच्या मध्यापासून कड ८ सेंटिमीटरवर. वरच्या टोकाला आडवा झटका बसला तर हे सगळं साधारण ३४० ग्रॅमच्या ओढीला कलंडायला लागेल. तेच बूड मध्यापासून १० सेंटिमीटर असेल, तर सव्वाचारशेच्या पुढे झेलेल. वजन गुंजभरही न वाढवता! म्हणून लॅम्पचं बूड लहान वाटलं तर खाली गोल फळी लाव. आणि एका बाजूला हात काढलेला, हुकासारखा स्टँड करू नकोस. हेडफोनचा भार बुडाच्या मध्यावरच पडू दे.

आता दांडा. सायकलच्या सीटचा जुना दांडा उत्तम, कारण तो पोकळ आणि ताठ असतो. तो बुडाला चिकटवू नकोस. हे मी हट्टाने सांगते आहे. इपॉक्सीने जोडलेली वस्तू नंतर कशाच्याच कामाची राहत नाही, आणि तो दांडा उद्या दुसरीकडे लागू शकतो. लॅम्पमध्ये जी युक्ती असते तीच कर. बुडाच्या खालून वरपर्यंत एकच आटेवाली सळई, दांडा तिच्यावर नळीसारखा चढवलेला, दोन्ही टोकांना मोठा वायसर आणि नट. नट आवळला की सगळे तुकडे एकमेकांवर दाबून बसतात. ८ मिलिमीटरची सळई बुडातून गेली नाही तर ६ची घे. दांड्याच्या पोकळीत ती हलेल, म्हणून दोन्ही टोकांजवळ सळईवर चिकटपट्टी गुंडाळत जा, आत घट्ट बसेपर्यंत.

यात एकच जागा नाजूक आहे. दांड्याची टोकं काटकोनात कापली गेली नाहीत तर कितीही आवळलंस तरी स्टँड तिरपाच उभा राहणार. सरळ कडेची कागदाची पट्टी दांड्याभोवती गुंडाळ. तिची कड फिरून स्वतःवर तंतोतंत जुळली की ती रेष काटकोनातच असते. त्या रेषेवर पेन फिरव, करवत रेषेच्या जराशी बाहेरून चालव आणि उरलेलं कानशीने घास. मग दांडा सपाट फरशीवर उभा करून बघ. टोकाखालून उजेड दिसला तर तिथे अजून घासायचं आहे.

वर लाकडाचा ठोकळा. त्यात नट बुडेल एवढा खड्डा कर आणि ठोकळ्याचा माथा गोलसर घास. त्यावर ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपची खापरी. पाइपचा चार सेंटिमीटर रुंद तुकडा काप आणि त्या कड्याचा एक तृतीयांश भाग घे. पट्टा त्यावर पूर्ण टेकणार नाही, मधला भाग टेकेल, तेवढं पुरतं. डोक्याहून अरुंद आहे म्हणून पट्टा ताणलाही जात नाही. खापरी दोन चपट्या डोक्याच्या स्क्रूंनी ठोकळ्यावर बसव, डोकी पृष्ठभागाच्या आत जायला हवीत. पाइप कापताना चष्मा आणि मास्क लाव.

खापरीवर जुन्या स्वेटरचा तुकडा लाव. सायकलच्या ट्यूबचं रबर तिथे नको, फिक्या रंगाच्या पट्ट्यावर काळे डाग पडू शकतात. ट्यूब बुडाखाली लाव, टेबलावरून सरकणार नाही. रंग दे किंवा देऊ नकोस, मला गंजाचा तपकिरी रंगही चालतो.

आणखी एक. सळई कापण्याआधी तिच्यावर एक नट चढवून ठेव, कापायच्या जागेच्या आतल्या बाजूला. कापल्यावर आटे चेपतात, नवा नट तोंडालाच अडतो. आधीच चढवलेला नट कापलेल्या टोकावरून बाहेर काढला की आटे आपोआप सरळ होतात. लाकूड बसतं, त्यामुळे काही दिवसांनी खालचा नट पुन्हा एकदा आवळ.

लॅम्पच्या बुडाचं भोक किती मिलिमीटरचं आहे ते मोजून कळव. माझ्याकडे ८ची सळई पडून आहे, जमत असेल तर तीच पाठवते.

तुझी,
आई