प्रभुभोजनाआधी समेट: सर्व सभासदांना विनंती

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

येत्या रविवारी सकाळी ९ च्या उपासनेत प्रभुभोजन आहे. त्याआधी एक विनंती आहे. कृपया शांतपणे वाचा.

मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू सांगतो की, वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट करावा. हे तो गालीलात सांगत होता आणि वेदी होती यरुशलेमात, म्हणजे कित्येक दिवसांच्या पायवाटेवर. तेवढं अंतर परत जावं लागलं तरी जा, असं त्याचं म्हणणं. आपल्याला फार तर दोन गल्ल्या ओलांडायच्या आहेत.

गेल्या महिन्यात काही तक्रारी थेट या ग्रुपवर आल्या. त्यानं मनं दुखावली, मलाही वाईट वाटलं. मत्तय १८:१५-१७ मधला क्रम वेगळा आहे: प्रथम एकट्यानं भेटून बोला, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्या, मंडळीपुढे त्यानंतर. पहिली पायरी गाळू नका. फोनपेक्षा घरी गेलेलं बरं, चहाच्या कपासमोर आवाज आपोआप खाली येतो.

एकट्यानं जायला जड वाटत असेल तर पाळकसाहेब गुरुवारी व शुक्रवारी संध्याकाळी ६ नंतर घरी आहेत. तिथं झालेलं बोलणं बाहेर जाणार नाही.

गरजू कुटुंबांसाठीचं धान्य शनिवारपर्यंत चर्चच्या मागच्या खोलीत ठेवावं. देणाऱ्याचं किंवा घेणाऱ्याचं नाव, फोटो इथं टाकू नये (मत्तय ६:३).

आपला,
सचिव, मंडळी पंच कमिटी