रस्ता कुणी केला ते कळतं, वाट कुणाची ते नाही

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

तालुक्यात कुठेही रस्त्याचं काम निघालं की फलक लागतो. कामाचं नाव, ठेकेदार, मंजूर रक्कम, दोषदायित्व कालावधी. लागायलाच हवा. पण जुन्नरहून आपटाळे, चावंड करत घाटघरला जाताना, इथून दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांचा माल जुन्नरला चढत होता, हे सांगणाऱ्या धड चार ओळी वाटेत वाचायला मिळत नाहीत. असा इतिहास सांगणारे फलकही रस्त्याकडेला लागावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

रस्ता जातो तो नाणेघाटापर्यंत. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं सगळे सांगतात. हल्ली वेफर्सची पाकिटं टाकतात. थोडं खाली उतरलं की लेणं. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती कार्षापण (तेव्हाची नाणी) दिले, असा चोख हिशेब. त्यातले आकडे अंकचिन्हांत कोरलेत आणि आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात त्यांची गणना होते. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी हे सातवाहन राजे, खुद्द नागनिका यांच्या प्रतिमा होत्या. वर कोरलेली नावं वाचता येतात, प्रतिमांच्या मात्र पावलांच्या खुणाच उरल्यात. पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला आलेली माणसं आडोशाला याच लेण्यात शिरतात आणि लेखाकडे पाठ करून मोबाईल पुसतात. त्यांना कशाला बोल लावायचा? संरक्षित स्मारकाजवळचा निळा फलक वाचला तर कळतं काय, की नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. नासधूस कशाची, ते अध्याहृत!

२०१८ साली शासनाने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून मान्यता दिली. शिवनेरी आणि लेण्याद्रीला वाट दाखवायची गरज नाही, गर्दी आपसूक पोचते. मला काळजी आहे ती मधल्या जागांची. पूर गावचं कुकडेश्वराचं जुनं देऊळ. गावोगावी झाडाखाली शेंदूर फासून उभे असलेले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, जे रस्ता रुंद करताना पहिल्यांदा हलतात. पुणे-नाशिक रस्त्याजवळचं आर्वीचं उपग्रह भूकेंद्र, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेना. इतिहास म्हणजे फक्त किल्ले नव्हेत.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने १९२७ पासून हमरस्त्यांच्या कडेला असे इतिहास सांगणारे फलक लावायला घेतले, तेही चालत्या मोटारीतून दिसावेत म्हणून. आपल्याला नवं खातं नको, नवी योजनाही नको. रस्त्याच्या अंदाजपत्रकातच या फलकांचा खर्च धरावा, आणि गाडी बाजूला घेता येईल एवढी जागा. मजकूर ठेकेदारावर सोडू नये. पुरातत्त्व खात्याच्या जाणकाराने तो तपासावा, गावानेही फलक बनवण्याआधी वाचावा. लेखात आहे ते लेखात आहे म्हणून लिहावं, रांजणासारखी गोष्ट ‘असे सांगतात’ म्हणून. दोन्हींची सरमिसळ झाली की पुढची पन्नास वर्षं शाळेच्या सहलीत तीच पाठ होते. फलक शक्यतो काळ्या दगडाचा असावा, आणि बुटका. उंच लोखंडी खांब दिसला की त्यावर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढतो, हे आपल्याला मी काय सांगावं.

सुरुवात जुन्नर-घाटघर रस्त्यापासून करावी, पावसाळ्यातली गर्दी लोटायच्या आत. मजकुराचा मराठी कच्चा खर्डा करून द्यायला आम्ही काही जण तयार आहोत, मानधन नको. कुणाकडे पाठवायचा, तेवढं कळवावं.

आपला,
जुन्नर तालुक्यातील एक रहिवासी